तारखांची तुलना : संगणक 'नाही' म्हणतो तेव्हा

(संगणक-अभ्यास. इयत्ता नववीपासून पुढच्या विद्यार्थ्यांसाठी. पालकांनी व विश्वस्त मंडळींनीही वाचावा असा पाठ.)



१५ मार्च आधी की ५ एप्रिल आधी, हे पहिलीतले मूलही सांगेल. हाच प्रश्न संगणकाला विचारला तर पुष्कळदा चुकीचे उत्तर मिळते. गंमत अशी की तो अडखळत नाही, तक्रारही करत नाही. शांतपणे 'नाही' म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो. त्या 'नाही'मुळे कोणाचा अर्ज मुदतीबाहेर ठरतो, तर कोणाची शिष्यवृत्ती अडते. तेव्हा हे 'नाही' येते कोठून आणि ते तपासायचे कसे, हे या पाठात पाहू.

१. टपालाचे कप्पे

टोपी बाजारात पेटीत टाकलेले पत्र पुण्याला पोचते कसे? पत्र उघडून कोणी वाचत नाही. छाननी करणारा फक्त लिफाफ्यावरचा पत्ता पाहतो आणि पत्र योग्य कप्प्यात टाकतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला आणि हे काम आणखी सोपे झाले. पहिला आकडा ४ असला की पत्र महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड किंवा गोवा या भागातले. आपल्या लष्कराचा पिन ४७४००१.

माहितीची अशीच छाननी करणारी संगणक-प्रणाली असते. कार्यालये, बँका, रुग्णालये यांच्याकडे दिवसभर हजारो नोंदी येतात. कोणती नोंद कोठे पाठवायची हे ही प्रणाली ठरवते. अशा प्रणालींपैकी एक प्रसिद्ध प्रणाली म्हणजे 'अपाची नायफाय'. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत २००६च्या सुमारास ती 'नायगाराफाइल्स' या नावाने तयार होऊ लागली. २०१४ मध्ये ती अपाची प्रतिष्ठानाकडे देऊन सर्वांना खुली करण्यात आली. आज ती कोणालाही विनामूल्य वापरता येते.

नायफायमध्ये प्रत्येक नोंद म्हणजे एक लिफाफा. त्याला 'फ्लोफाइल' म्हणतात. लिफाफ्यावर लिहिलेल्या गोष्टींना 'अ‍ॅट्रिब्यूट' म्हणतात. आपण त्यांना 'लिफाफ्यावरच्या खुणा' म्हणू. या खुणा पाहून कप्पे लावणाऱ्या भागाचे नाव 'राउट-ऑन-अ‍ॅट्रिब्यूट'. त्याला आपण नियम लिहून देतो. नियमात बसलेला लिफाफा त्या नियमाच्या कप्प्यात जातो. कोणत्याच नियमात न बसलेला लिफाफा 'अनमॅच्ड', म्हणजे 'न जुळलेले' या कप्प्यात पडतो. या शेवटच्या कप्प्याची गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

२. अक्षरे आणि दिवस

लिफाफ्यावरची प्रत्येक खूण ही संगणकासाठी केवळ अक्षरांची ओळ असते. '१५/०३/२०२४' ही आपल्याला तारीख दिसते. संगणकाला मात्र दहा चिन्हे दिसतात : आठ आकडे आणि दोन तिरप्या रेघा.

अक्षरांच्या ओळींची तुलना शब्दकोशातल्यासारखी होते, डावीकडून एकेक चिन्ह पाहत. '१५/०३/२०२४' आणि '०५/०४/२०२४' घ्या. पहिलेच चिन्ह पाहा : एकीकडे १, दुसरीकडे ०. शून्य लहान, म्हणून ५ एप्रिल आधी आणि १५ मार्च नंतर! महिना आणि वर्ष पाहायची वेळच आली नाही.

पिनकोडच्या बाबतीत असे का होत नाही? तेथे सर्वांत मोठा विभाग डावीकडे असतो आणि आकडे नेहमी सहाच असतात. तारीखही तशीच लिहिली, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि एक आकडी संख्येच्या आधी शून्य, तर अक्षरांची तुलनाही बरोबर येते. '२०२४-०३-१५' हे '२०२४-०४-०५'च्या आधीच येणार. १९८८ साली निघालेल्या 'आयएसओ ८६०१' या आंतरराष्ट्रीय मानकात तारखेचा हाच क्रम दिला आहे.

३. आपल्या घरातले उदाहरण

तारीख वेगळी आणि तिचे लिखाण वेगळे, हे ग्वाल्हेरच्या मराठी घरांना नव्याने शिकवायला नको. आपण महिना अमावास्येला संपवतो. आपले हिंदीभाषी शेजारी तो पौर्णिमेला संपवतात. २६ ऑगस्ट २०२४ रोजी कृष्णजन्माष्टमी होती. आपल्या पंचांगात ती श्रावण वद्य अष्टमी, शेजारच्या घरात भाद्रपद कृष्ण अष्टमी. देव एकच, रात्र एकच, पण महिन्याचे नाव दोन ठिकाणी दोन. महाशिवरात्रही तशीच : आपली माघ वद्य चतुर्दशी, त्यांची फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. शुद्ध पक्षात मात्र दोघांचा महिना एकच असतो, म्हणून गणेश चतुर्थीला हा प्रश्न येत नाही.

आता समजा, एका जुन्या कागदावर नुसते 'श्रावण कृष्ण अष्टमी' लिहिले आहे. तो कागद कोणत्या पद्धतीने लिहिला हे ठाऊक नसेल, तर दिवस एका महिन्याने चुकू शकतो. वर्षाचेही तसेच. उत्तरेतल्या चैत्री विक्रम संवतातून १३५ वजा केले की आपला शक मिळतो. शके १९४६ आणि संवत २०८१ हे एकच वर्ष. नुसते आकडे पाहून संवत २०८१ हे शके १९४६च्या 'नंतरचे' म्हणणारा माणूस आणि अक्षरे पाहून ५ एप्रिल 'आधी' म्हणणारा संगणक, दोघांची चूक एकच : तुलना करण्यापूर्वी दोन्ही बाजू एका मापात आणल्या नाहीत.

इतिहासाचे अभ्यासक हे काम सतत करतात. पेशवाईतल्या मोडी पत्रांवर पुष्कळदा शुहूर सन असतो, तोही अरबी संख्यावाचक शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हे वर्ष मृगाला बदलते. त्यामुळे इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळवायचे. पानिपतची लढाई शुहूर ११६१ मधली. ती जानेवारीत झाली, म्हणून ६०० मिळवून इसवी सन १७६१. दिवस पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार. इंग्रजी १४ जानेवारी १७६१. या लढाईतून जखमी होऊन वाचलेल्या महादजी शिंद्यांचे नाव आपल्या शहराशी कायमचे जोडले गेले आहे.

यातला 'बुधवार' ध्यानात ठेवा. तिथी इंग्रजी तारखेत आणल्यावर वार जुळतो का, हे अभ्यासक आधी पाहतात. वार जुळला नाही तर रूपांतरात कोठेतरी चूक आहे. ही युक्ती आपल्याला संगणकातही उपयोगी पडणार आहे.

४. अहर्गण : सर्व तारखांची एक मोजणी

दोन वेगळ्या लिखाणांची तुलना करायची तर दोघांना एकाच मोजपट्टीवर ठेवावे लागते. आपल्या ज्योतिषगणितात या मोजपट्टीला 'अहर्गण' म्हणतात. ठरलेल्या एका आरंभदिवसापासून आजपर्यंत किती दिवस गेले, तो आकडा म्हणजे अहर्गण. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघव' या करणग्रंथात शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२० हा आरंभ धरला. आकडा फार मोठा होऊ नये म्हणून त्यांनी अकरा-अकरा वर्षांची चक्रे केली. महाराष्ट्रातले पंचांगकर्ते पिढ्यान्‌पिढ्या या ग्रंथावरून गणित करत आले.

संगणकाचीही अशीच मोजणी असते. नायफायमध्ये आरंभ धरला आहे १ जानेवारी १९७०ची मध्यरात्र, तीही जागतिक प्रमाणवेळेची. एकक मात्र दिवस नसून मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. १ एप्रिल २०२४ रोजी ग्वाल्हेरात मध्यरात्रीचे बारा वाजले तेव्हा हा आकडा १७११९०९८००००० होता. १९७०च्या आधीच्या तारखांचा आकडा ऋण येतो. त्याने तुलनेत काही बिघडत नाही.

म्हणून नायफायमध्ये तारखांची तुलना तीन पायऱ्यांनी लिहायची :

खूण → तारीख म्हणून वाच ('टू-डेट') → आकडा कर ('टू-नंबर') → मग तुलना कर.

तुलनेचे शब्द चार आहेत. 'जीटी' म्हणजे मोठा आहे का, 'जीई' म्हणजे मोठा किंवा समान, 'एलटी' म्हणजे लहान, 'एलई' म्हणजे लहान किंवा समान. ज्याच्याशी तुलना करायची त्या दुसऱ्या तारखेलाही याच पायऱ्या लागतात. पुष्कळ जण पहिल्या बाजूचा आकडा करतात आणि दुसरी बाजू तशीच अक्षरांत ठेवतात. एका पारड्यात किलोचे वजन आणि दुसऱ्यात 'एक किलो' असे लिहिलेली चिठ्ठी, असा तो प्रकार होतो.

५. न बोलता दिलेला नकार

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. जीटी, एलटी ही मंडळी फक्त आकड्यांची तुलना करतात. दोहोंपैकी एक बाजू जरी आकडा होऊ शकली नाही, तरी उत्तर येते 'नाही'. चुकीची सूचना येत नाही, लाल खूण दिसत नाही. पुढील चारही प्रसंगी उत्तर सारखेच असते :

• तारीख खरोखरच मुदतीनंतरची आहे.
• तारखेची जागा रिकामी आहे.
• नियमात खुणेचे नाव चुकले आहे. (रोमन लिपीतला मोठा-छोटा अक्षरभेद नायफाय पाळते. नाव जुळले नाही तर ती खूण नाहीच असे धरते.)
• 'टू-डेट' लिहायचे राहिले, म्हणून तारीख अक्षरांतच राहिली.

यांतले पहिले 'नाही' खरे आहे. उरलेल्या तीन 'नाहीं'चा अर्थ 'मला कळले नाही' असा आहे. लिफाफा मात्र चारही वेळा एकाच 'न जुळलेले' कप्प्यात पडतो आणि बाहेरून भेद दिसत नाही. चांगला लिपिक कागद कळला नाही तर वर टीप लिहून परत पाठवतो. ही टीप लिहिण्याची सोय यंत्रात आपणच करून ठेवावी लागते.

६. एक सोडवलेले उदाहरण

समजा, एका शाळेने नियम लिहिला : '३१ मार्च २०२४ पर्यंत आलेले अर्ज वेळेत, बाकीचे न जुळलेले.' पाच अर्ज आले :

अर्ज १ : १५/०३/२०२४
अर्ज २ : २८/०३/२०२४
अर्ज ३ : ३१/०३/२०२४, सकाळी ११.२०
अर्ज ४ : (तारीख रिकामी)
अर्ज ५ : २०२४-०३-२८

संध्याकाळी पाहतात तो पाचही अर्ज 'न जुळलेले'. आता क्रमाने तपासू.

पहिली पायरी : नियम वाचला. 'टू-डेट' लिहिलेलेच नव्हते. अक्षरांचा आकडा होईना, म्हणून सर्वांना 'नाही'. ते दोन्ही बाजूंना लिहिले. अर्ज १ आणि २ वेळेत आले.

दुसरी पायरी : अर्ज ३ अजून बाहेरच. तो शेवटच्या दिवशी सकाळी आला, म्हणजे मुदतीत आहे. पण नुसती '३१/०३/२०२४' ही तारीख वाचताना संगणक तिची वेळ मध्यरात्री बाराची, म्हणजे दिवसाच्या आरंभाची धरतो. त्यामुळे ३१ मार्चचा अख्खा दिवस मुदतीबाहेर गेला. उपाय सोपा आहे. '३१ मार्चपर्यंत' असे न लिहिता '१ एप्रिलच्या मध्यरात्रीपूर्वी' असे लिहायचे आणि 'एलटी' वापरायचे. मुदत असलेल्या प्रत्येक नियमात हे पाहावे, कारण शेवटच्या दिवशी धावत येणारे पालक नेहमीच असतात.

तिसरी पायरी : अर्ज ५ची तारीख खरी आहे, पण लिहिण्याची तऱ्हा वेगळी. येथे 'टू-डेट' वाचू शकत नाही आणि त्रुटी दाखवते. ही त्रुटी नकोशी वाटली तरी ती बरी. निदान कोठे बिघडले ते दिसते. अशा नोंदींसाठी वेगळा नियम लिहून त्या तऱ्हेने तारीख वाचावी.

चौथी पायरी : अर्ज ४ची तारीख रिकामी. तिला 'उशीर' म्हणणे अन्यायाचे आणि 'वेळेत' म्हणणे खोटेपणाचे. तिच्यासाठी 'तारीख पाहावी' असा तिसरा कप्पा करायचा. तुलनेच्या नियमाआधी 'तारीख रिकामी आहे का' हा नियम लावायचा आणि तो कप्पा रोज माणसाने उघडायचा.

पाचपैकी एकही अर्ज खरोखर उशिरा आलेला नव्हता.

७. नेहमीचे खड्डे

'टू-डेट'ला तारीख कोणत्या तऱ्हेने लिहिली आहे हे रोमन अक्षरांत सांगावे लागते. येथे चुका फार होतात.

(अ) मोठा एम आणि छोटा एम. मोठा एम म्हणजे महिना, छोटा एम म्हणजे मिनिट. महिन्याच्या जागी छोटा एम लिहिला तर १५/०३/२०२४ ही तारीख '१५ जानेवारी २०२४, बारा वाजून तीन मिनिटे' अशी वाचली जाते. महिना सांगितलाच नाही, म्हणून यंत्र जानेवारी धरते. सगळ्या नोंदी जानेवारीत दिसू लागल्या तर आधी येथेच पाहा.

(आ) मोठा वाय आणि छोटा वाय. साधे वर्ष छोट्या वायने लिहितात. मोठा वाय म्हणजे 'आठवड्यांच्या हिशेबाचे वर्ष'. वर्षभर दोन्ही सारखेच दिसतात आणि डिसेंबरच्या शेवटी फसवतात. ३० डिसेंबर २०२४ हा सोमवार. तो ज्या आठवड्यात येतो त्याच आठवड्यात १ जानेवारी २०२५ येतो. म्हणून मोठ्या वायने लिहिले तर वर्ष २०२५ छापले जाते.

(इ) दिवस आधी की महिना आधी. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकेत महिना आधी. ०३/०४/२०२४ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल, त्यांना ४ मार्च. बारापर्यंतचे दिवस चुकीच्या तऱ्हेनेही बिनबोभाट वाचले जातात. त्यापुढे तरी अडावे ना? नायफायच्या पहिल्या पिढीच्या आवृत्त्या जावा भाषेतल्या ज्या जुन्या वाचकावर उभ्या होत्या तो फार उदार होता. १५/०३/२०२४ मधला १५ हा महिना आहे असे सांगितले तर तो बारा महिने पुढे सरकून ३ मार्च २०२५ ही तारीख देत असे!

(ई) दोन आकडी वर्ष. '२४' हे वर्ष चार वायच्या तऱ्हेने वाचले तर जुना वाचक ते इसवी सन २४ धरतो. दोन वायने वाचले तर आजपासून ८० वर्षे मागे ते २० वर्षे पुढे एवढ्याच पट्ट्यात ते बसवतो. त्यामुळे १९३८ साली जन्मलेल्या आजोबांचे '३८' हे २०३८ होते. आजोबा अजून जन्मायचेच आहेत, तर त्यांना निवृत्तिवेतन कोण देणार? वर्ष नेहमी चार आकडी लिहावे.

(उ) सेकंद आणि मिलिसेकंद. काही प्रणाली सेकंद मोजतात. तो आकडा सध्या दहा अंकी असतो, मिलिसेकंदांचा तेरा अंकी. १७११९०९८०० हा आकडा मिलिसेकंद समजून वाचला तर २० जानेवारी १९७० ही तारीख येते. संगणकात १९७०चा जानेवारी दिसला की एककाचा घोटाळा असण्याचा संशय घ्यावा.

(ऊ) सलग लिहिलेली तारीख. २०२४०३१५ हा आठ अंकी आकडाच आहे, म्हणून तशाच दुसऱ्या तारखेशी तुलना बरोबर येते. पण तिची 'आत्ता'च्या तेरा अंकी मिलिसेकंदांशी तुलना केली तर ती नेहमीच लहान ठरते. येथे यंत्र सर्वांना 'हो' म्हणत सुटते. खोट्या 'नाही'ने अन्याय होतो, तसा खोट्या 'हो'नेही होतो. फक्त 'हो'बद्दल तक्रार करायला कोणी येत नाही.

८. दिवस सुरू केव्हा होतो?

आपल्या पंचांगात दिवस सूर्योदयाला सुरू होतो, घड्याळात मध्यरात्री. २०२४ साली दिवाळीची अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या दुपारी लागून १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी संपली. उत्तरेत अनेकांनी ३१ तारखेला दिवाळी केली. महाराष्ट्रातल्या पंचांगांत लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते. अमावास्या एकच, ती कोणत्या दिवसाला मोजायची याचे नियम वेगळे.

संगणकात हाच प्रश्न वेळ-विभागाचा होतो. भारताची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. १ एप्रिलच्या पहाटे पाच वाजता आपण उठतो तेव्हा प्रमाणवेळेत ३१ मार्चच्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. संगणक दूरच्या शहरात असेल आणि त्यावर प्रमाणवेळ लावलेली असेल, तर १ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदी तो ३१ मार्चच्या धरतो. 'वेळ-विभाग कोणता' हे 'टू-डेट'ला तऱ्हेनंतर सांगता येते. ते सांगितले नाही तर संगणक स्वतःचा विभाग धरतो. दिवसा सर्व ठीक आणि पहाटेच्या नोंदी तेवढ्या चुकतात, असे दिसले की दोष येथे शोधावा.

९. तपासणीचा क्रम

नियम चालत नाही म्हणून तो पुन्हा पुन्हा बदलत बसू नये. रोग ओळखल्याशिवाय औषध बदलण्यासारखे ते आहे. हा क्रम पाळावा :

१. 'न जुळलेले' कप्प्यातला एकच लिफाफा घ्या आणि त्यावरची खूण डोळ्यांनी पाहा. रिकामी आहे का? मागे-पुढे मोकळी जागा आहे का? नाव अक्षरशः तेच आहे का?
२. खुणेला फक्त 'टू-डेट' लावा. जी तारीख मिळाली ती वारासकट छापून पाहा. १५ मार्च २०२४ला शुक्रवार यायला हवा. नाही आला तर तऱ्हा चुकली. पानिपतच्या बुधवारची युक्ती ती हीच.
३. दोन्ही बाजूंचे आकडे लिफाफ्यावर वेगळ्या खुणा म्हणून लिहा. नायफायमध्ये हे काम 'अपडेट-अ‍ॅट्रिब्यूट' करते. दोन्हींचे अंक तेरा-तेरा आहेत का?
४. मग तुलना लावा. मुदतीच्या आदला दिवस, मुदतीचा दिवस, नंतरचा दिवस आणि रिकामी तारीख, अशा चार नमुन्यांवर ती चालवून पाहा.
५. लिफाफा कोणत्या टप्प्यावरून कोठे गेला हे नायफाय लिहून ठेवते. पत्रावर टपालाचे शिक्के उमटतात तसे. त्या नोंदीला 'प्रोव्हेनन्स' म्हणतात. ती वाचायची सवय लावा.

१०. पालक व विश्वस्तांसाठी

हा पाठ मुलांचा असला तरी त्यातले काम घरोघरचे आहे. मुलाची जन्मतारीख जन्मदाखल्यावर, आधारवर, समग्र आयडीत आणि शाळेच्या प्रवेश-नोंदवहीत एकसारखी आहे का, हे एकदा चारही कागद शेजारी ठेवून पाहावे. दिवस-महिन्याची अदलाबदल झाली असेल तर ती आजच कळलेली बरी. अर्ज भरताना तारीख घाईने टंकू नये. रकान्याखाली कोणती तऱ्हा मागितली आहे ते वाचावे.

विश्वस्त मंडळींना विनंती अशी की, संस्थेत प्रवेश, शुल्कमाफी वा शिष्यवृत्ती यांची यादी संगणकाने काढली असेल तर निवडलेल्यांच्या यादीबरोबर 'न जुळलेल्यां'चीही यादी मागावी. ती माणसाने वाचावी. ज्याला नकार द्यायचा त्याला कारण सांगता आले पाहिजे, आणि 'संगणकाने घेतले नाही' हे कारण होऊ शकत नाही.

स्वाध्याय

१. १२/०१/२०२५, ०५/११/२०२४, २८/०२/२०२३ या तारखा (अ) अक्षरांच्या क्रमाने, (आ) खऱ्या क्रमाने लावा.
२. '२९ फेब्रुवारी २०२४ पर्यंत' हा नियम 'पूर्वी' हा शब्द वापरून लिहा.
३. एका नोंदीची तारीख २० जानेवारी १९७० अशी दिसते. कोणता संशय घ्याल?
४. घरातले मराठी पंचांग आणि शेजारच्यांचे हिंदी पंचांग शेजारी ठेवून वर्षातले असे तीन सण शोधा, ज्यांचा दिवस एक पण महिना वेगळा आहे. ते सगळे कोणत्या पक्षातले आहेत?

उत्तरे : १. (अ) ०५/११/२०२४, १२/०१/२०२५, २८/०२/२०२३. (आ) २८/०२/२०२३, ०५/११/२०२४, १२/०१/२०२५. २. १ मार्च २०२४च्या मध्यरात्रीपूर्वी. ३. सेकंदांचा आकडा मिलिसेकंद म्हणून वाचला गेला असावा. ४. सर्व सण वद्य पक्षातले निघतील. कारण तिसऱ्या भागात पाहावे.